मॉडेल रेल्वेचं जुनं एन स्केल इंजिन सर्व्हिसिंग करूनही परत परत जाम होतंय? तेल घालणं थांबवा, आधी चेसिस मोजा

आधी लक्षण सांगतो, तुमचं हेच असेल तर पुढे वाचा. साठ-सत्तरच्या दशकातलं मॉडेल रेल्वेचं छोटं इंजिन घेतलं, एन स्केलचं, म्हणजे ९ मिमी गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आलं तेव्हा नुसतं घरघरत होतं. उघडलं, वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं, मोटरचे कार्बन ब्रश साफ केले, एक थेंब तेल घातलं आणि असं पळायला लागलं की काय सांगू. दोन-तीन महिन्यांनी कपाटातून काढलं तर ये रे माझ्या मागल्या. परत घरघर, मोटर गरम, चाकं हलायला तयार नाहीत. परत उघडलं, साफ केलं, परत पळालं, पण यावेळी सहा आठवडेही टिकलं नाही.

माझ्याकडे एका चार अ‍ॅक्सलच्या डिझेलबरोबर हे तीनदा झालं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये कारण हा एका ब्रँडचा आजार नाही, उगाच एकाला बदनाम कशाला करायचं. पहिल्यांदा मी दोष ग्रीसला दिला, दुसऱ्यांदा मोटरला (दुसऱ्या इंजिनाची काढून घातली), आणि तिसऱ्यांदा गिअर मागवून बसलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. वर कहर म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेच्या मध्ये मी ते "पूर्ण ओव्हरहॉल केलेलं, छान पळतं" असं लिहून विकलंसुद्धा. घेणारे गृहस्थ शांत होते. दीड महिन्याने त्यांचा मेसेज आला, "अहो, चार फेऱ्या मारल्या की थांबतंय, माझं काही चुकतंय का बघा." त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पैसे परत दिले, इंजिन परत मागवलं.

आणि खरी गोष्ट कळली ती परत आलेलं इंजिन उघडताना. पहिल्या वेळी या इंजिनाची बॉडी दोन अंगठ्यांनी बाजूला जरा ताणली की टक करून सुटायची. आता ती सुटेचना. गिटारचं पिक घालून घालून, घाम फुटेपर्यंत काढली, आणि काढली तेव्हा एका क्लिपपाशी प्लॅस्टिकला केसाएवढी चीर दिसली. बॉडी प्लॅस्टिकची, ती काही आकसली नव्हती. म्हणजे आतलं काहीतरी वाढलं होतं. माझ्याकडे याच मॉडेलचं दुसरं इंजिन आहे, त्याचं चेसिस (मोटर आणि चाकं ज्यात बसतात तो धातूचा सांगाडा) काढून दोन्हींना व्हर्निअर लावला. चांगलं ८८.० मिमी, आजारी ८८.७. पाऊण मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण एन स्केलमध्ये गिअरचा दात तरी किती मोठा असतो.

तर हा आजार म्हणजे जस्ताची कीड. इंग्रजीत झिंक पेस्ट म्हणतात, देवनागरीत लिहिलं की ते मलमासारखं वाटतं म्हणून मी आपलं कीडच म्हणतो. पण ही खरी कीड नाही, जिवंत काही नसतं आत. इंजिनाचं चेसिस बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, झामॅक, ब्रिटनमध्ये त्यालाच मॅझॅक म्हणतात. या धातूत शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी थोडं जरी मिसळलं गेलं तरी ते धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतं, आणि मग हवेतल्या ओलाव्याने त्या सीमाच आतून कुरतडल्या जातात. धातू फुगतो, वाकतो, चिरतो आणि शेवटी बिस्किटासारखा हातात तुटतो. हा प्रश्न १९२३ साली लक्षात आला होता, १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून झामॅक आणलं ते याच कारणासाठी. आज या मिश्रधातूत शिशाची मर्यादा ०.००५ टक्के धरतात. म्हणजे एक लाख ग्रॅममध्ये पाच ग्रॅम. भट्टीत परत वितळवायच्या भंगारात सोल्डर लागलेले चार तुकडे गेले तरी अख्खी बॅच नासू शकते.

म्हणूनच एकाच मॉडेलची दोन इंजिनं, एकाच वर्षी बनलेली, एक ठणठणीत आणि एक कुजलेलं, असं होतं. "ही कंपनी चांगली, ती वाईट" अशा याद्या लोक फिरवतात त्यांच्यावर मी फार विसंबत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात कीड जास्त सापडते हे खरं, पण पुढच्या मालात सापडतच नाही असं अजिबात नाही. अगदी अलीकडच्या मॉडेलमध्येही निघते. बॅच बघायची, नाव नाही.

आता तुम्ही म्हणाल की चेसिस फुगलंय तर सर्व्हिसिंगनंतर पळतं कसं? मलाही हाच प्रश्न पडला होता. फुगणं सगळीकडे सारखं होत नाही, चेसिस जरासं केळ्यासारखं वाकतं, दोन बाजूंची बेअरिंगची भोकं एका रेषेत राहत नाहीत, मोटर बसते तो खाचा मोटरला चिमटतो, वर्म (मोटरच्या शाफ्टवरचा स्क्रूसारखा गिअर) आणि पुढच्या गिअरमधलं अंतर बदलतं. आपण उघडून स्क्रू सोडतो आणि परत कसतो तेव्हा सगळं थोडं मोकळं होऊन नव्याने बसतं, ताज्या तेलाने घर्षण कमी होतं, आणि काठावर असलेलं इंजिन पास होतं. मग धातू अजून थोडा फुगतो आणि परत नापास. दर वेळी चांगलं राहायचा काळ कमी कमी होत जातो ही सगळ्यात मोठी खूण आहे. वाळलेल्या तेलाचं तसं नसतं, नीट साफ केलं की ते वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

पण थांबा, लगेच कीड कीड म्हणून इंजिन टाकून देऊ नका. परत परत जाम होण्याची दुसरी कारणंही आहेत आणि ती स्वस्तात सुटतात, म्हणून मी आता ठरावीक क्रमाने जातो.

पहिलं म्हणजे मोटर आणि बाकी गाडी वेगळी करायची. वर्म किंवा कार्डन (मोटरची फिरकी गिअरकडे नेणारी दांडी) काढा आणि मोटर एकटी फिरवून बघा, कंट्रोलर हळूहळू वाढवत. किती व्होल्टला सुटते आणि किती करंट घेते ते लिहून ठेवा. मग सगळं जोडून तेच परत. एकटी मोटर गुळगुळीत फिरते आणि जोडली की करंट दुप्पट-तिप्पट होतो तर भानगड गाडीत आहे. एकटीच अडखळते तर मोटरमध्ये आहे, चेसिसला दोष देऊ नका. एक सांगतो, वर्म जागेवर असताना चाकं हाताने फिरवायला जाऊ नका. ती फिरणार नाहीत, गिअरचे दात तेवढे जातील. मी घालवलेत.

मोटर दोषी असेल तर नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या टेबलावर तरी, कारण एकच निघतं: जास्त तेल. हौशी माणूस तेल घालताना हात सैल सोडतो, ते शाफ्टवरून कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) जातं, ब्रशचा कार्बन त्यात कालवला जातो आणि कम्युटेटरच्या फटींमध्ये काळा चिखल बसतो. चिखल वीज वाहतो, दोन पट्ट्या आपसात जोडल्या जातात, मोटर गरम होते. साफ केलं की चालतं, परत तेल घातलं की परत तेच, म्हणजे हाही परत परत येणाराच प्रॉब्लेम, फक्त कर्ता आपणच असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी टूथपिक, बास. टूथपिकचं टोक तिरकं कापून फटीतून ओढायचं, काळं निघणं थांबेपर्यंत. पॉलिश पेपर मारू नका, तांब्यावर ओरखडे पडतात आणि ब्रश लवकर झिजतात. आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) तीन पोलचं असेल तर मल्टिमीटरने कम्युटेटरच्या पट्ट्या दोन-दोन करून मोजा, तीन रीडिंग येतील, तिन्ही जवळपास सारखी हवीत. एखादं वेगळंच आलं तर वायंडिंग गेलंय, साफसफाईत वेळ घालवू नका.

लोहचुंबक कमजोर झाला असेल तर लक्षण उलटंच दिसतं. एकटी मोटर तर आणखीच जोरात पळते, करंट भरपूर घेते, पण डबे जोडले की जीव जातो. जुन्या मोठ्या गेजच्या मालात, हॉर्नबी डब्लोसारख्या, हे फार बघायला मिळतं. चुंबक एल्निको या मिश्रधातूचा असेल तर आर्मेचर बाहेर काढताना दोन पोलच्या मध्ये मऊ लोखंडाचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर काढल्या काढल्या चुंबकाची ताकद उतरते. कित्येक चांगल्या मोटरी लोकांनी नुसत्या "उघडून साफ करून" मारल्यात. फेराइट असेल तर एवढी भीती नाही.

गिअर फुटला असेल तर कान लावा. अ‍ॅक्सलवरच्या प्लॅस्टिक गिअरला उभी चीर गेली की तिथली दोन दातांमधली फट रुंद होते आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा टक् असा आवाज येतो, लंगड्या माणसाच्या चालीसारखा. चीर भिंगातूनच दिसते, १० पटीचं भिंग घ्या. चिकटवून उपयोग नाही, परत उकलतो, बदलायलाच लागतो. घर्षण वाढवणारे रबरी टायर कडक होऊन फाटणं तर किरकोळ, ते लिहितही नाही. लोन स्टार या ब्रिटिश कंपनीच्या ट्रेबल-ओ-लेक्ट्रिक गाड्यांचं मात्र सांगून ठेवतो, १९६० चा हा माल रबर बँडवर चालतो, गिअर शोधत बसू नका. रबर बँड कुजला की गाडी थांबली, आणि नवीन बँड फार घट्ट घातला तरी मोटरला फास बसून गाडी थांबते, लोक दुसरं विसरतात.

आणि व्होल्टेज! मार्कलिनचं झेड स्केल, १९७२ चं, १:२२० आणि ६.५ मिमी गेज, ते सुरुवातीला ८ व्होल्टसाठी होतं. एन वाले आपला १२ व्होल्टचा कंट्रोलर लावून पूर्ण उघडतात आणि मग "दोन महिन्यांत परत मोटर गेली" म्हणतात. झेडच्या जुन्या इंजिनात वाळून राळ झालेलं तेलही कायम सापडतं, त्यात जास्त व्होल्ट म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हे सगळं तपासलं आणि मोटर निर्दोष सुटली, गिअर शाबूत, तेल नवीन, तरी जोडल्यावर करंट चढतो, तर आता चेसिसकडे वळा.

चेसिस पूर्ण मोकळं करायचं, चाकं आणि मोटर काढून. एक सपाट काच घ्या, फोटोफ्रेमची चालेल, त्यावर चेसिस ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोटाने हलकं टोका. टकटक वाजलं, डुललं, म्हणजे वाकलंय. मग खालून टॉर्च मारून फट बघा. माझ्या त्या डिझेलच्या मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसत होती, दोन्ही टोकं टेकलेली आणि पोट वर. मग व्हर्निअर, लांबी तीन ठिकाणी आणि रुंदी तीन ठिकाणी. तुलनेला तसंच दुसरं चेसिस असेल तर सोनंच, नसेल तर आजचा आकडा तारखेसकट लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत मोजा. आकडा हलला तर निकाल लागला. साधी वही पुरते, मी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठीच चिकटवतो.

मोटर बसते त्या खाचेची परीक्षा कागदाने घ्या. साध्या छपाईच्या कागदाची चिंचोळी पट्टी मोटर आणि चेसिसच्या मध्ये दोन्ही बाजूंनी सरकवून बघा. निरोगी इंजिनात ती साधारण सारखी सरकते. माझ्यात डाव्या बाजूला सहज जायची आणि उजवीकडे मागच्या कोपऱ्यात अडकायची, फाटली पण गेली नाही.

भिंगातून काय दिसतं ते नीट समजून घ्या कारण इथे लोक दोन्हीकडून फसतात. कीड असेल तर बारीक चिरांचं जाळं दिसतं, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखं, आणि कडा फुगून गोल झालेल्या असतात, रंगाला फोड येतात. पण नुसती पांढरी भुकटी दिसली म्हणजे कीड नव्हे, ती बऱ्याचदा दमट हवेने जस्तावर वरवर चढलेली असते, ब्रशने झाडली की खाली धातू गुळगुळीत आणि टणक निघतो. तसंच ओतताना धातूच्या दोन धारा जिथे भेटतात तिथे जन्मतःच एक रेघ राहते, ती चीर नाही. ओळखायचं कसं? जन्मखूण वाढत नाही. त्याच कोनातून फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी शेजारी ठेवून बघा. एकदा एकाने असलीच रेघ बघून चांगलं इंजिन भंगाराच्या भावात मला दिलं होतं. मी त्यांना घेतानाच सांगितलं की ही चीर नाहीये हो, तर ते म्हणाले असू दे, माझा विश्वास उडाला आता. ते इंजिन अजून पळतंय.

दोन अर्ध्यांचं चेसिस असलेल्या इंजिनात आणखी एक गंमत होते. तिथे डावा आणि उजवा भाग दोन्हीत वीज असते, मध्ये इन्सुलेशनचे वॉशर. फुगलं की मधली फट बुजते आणि दोन भाग कुठेतरी टेकतात, शॉर्ट. स्क्रू जरा सैल केला की चालतं, घट्ट केला की बंद. अशी केस आली की वायरिंग शोधत बसायच्या आधी दोन भाग उजेडासमोर धरा.

बरं, कीड निघाली, आता उपाय? धातूवर उपाय नाही. पातळ सुपरग्लू चिरांमध्ये मुरवणारे आहेत, इपॉक्सी लावणारे आहेत, शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर तुकडे एकत्र राहतात एवढंच. आतली प्रक्रिया थांबत नाही. हवा कोरडी ठेवली तर वेग कमी होतो, मी डब्यात सिलिका जेल टाकतो आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. संशय असलेलं चेसिस अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये घालू नका, चिरांमध्ये पाणी भरायची हौस कशाला. कानशीने खाचा मोकळा करून वर्षभर चालवणं जमतं, मीही केलंय, स्वतःसाठी ठीक आहे. ते विकताना न सांगणं मात्र मला पटत नाही.

आणि हो, ही कीड एका इंजिनाची दुसऱ्याला लागत नाही. शेजारी ठेवल्याने काही होत नाही. लोक घाबरून अख्खं कलेक्शन वेगवेगळ्या खोल्यांत हलवतात. लागण नाही, पण नुकसान आहे, ते वेगळं: फुगणारं चेसिस स्वतःच्याच बॉडीला आतून फोडतं. म्हणून निदान पक्कं झालं त्याच दिवशी बॉडी काढून बाजूला ठेवा. उद्यावर टाकू नका. जुन्या इंजिनात बॉडीलाच जास्त मागणी असते आणि ती फुटली की तिला कोणी हिंग लावून विचारत नाही. मोटर, चाकं, बोगी, कपलर (डबे जोडायचा हुक), बल्ब, वजनाचे तुकडे, सगळं उतरवा. कुजलेलं इंजिन म्हणजे एक वाईट चेसिस आणि दहा-बारा चांगले पार्ट असा हिशोब करा, मन जरा हलकं होतं.

दुसरं चेसिस मिळवायचं तर डोनर इंजिन (पार्ट काढून घ्यायला घेतलेलं) शोधतानाही हाच प्रकार, काच आणि व्हर्निअर. तुमच्याच बॅचचा डोनर मिळाला तर तुम्ही कीड दोनदा विकत घेतली. थ्रीडी प्रिंट केलेली चेसिस आता लोक करतात, मापाला छान बसतात, पण हलकी असतात, ओढायची ताकद जाते. टंगस्टन किंवा शिसं भरून वजन आणायला लागतं. शिसं लाकडी कपाटात ठेवलेल्या मॉडेलमध्ये भरणार असाल तर रंग मारून झाकून घ्या, लाकडाच्या आम्लवाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि तीही फुगते. म्हणजे मागचे पाढे पंचावन्न.

आता विक्रीचं. माझ्या मते अर्धे वाद इंजिनामुळे नाही तर जाहिरातीतल्या शब्दांमुळे होतात. "टेस्टेड" म्हणजे काय? दोन वायरी टेकवल्या आणि चाक फिरलं, हे टेस्टिंग नाही. मी आता असं लिहितो: "बॉडी काढून तपासलं. चेसिस काचेवर सपाट बसतं, लांबी ८८.० मिमी, अमुक तारखेला मोजली. चिरा दिसल्या नाहीत. गोल ट्रॅकवर दोन्ही दिशांना वीस-वीस मिनिटं, चार डब्यांसह चालवलं. मोटर मूळची, पुढचे टायर बदललेले." लांबलचक वाटतं पण मेसेज निम्मे झाले. फोटो बॉडीचे सगळेच काढतात, चेसिसचा खालून एक, बाजूने पट्टी लावून एक, एवढे दोन द्या. घेताना हेच दोन मागा. विकणारा "बॉडी काढता येत नाही" म्हणाला तर का येत नाही हे आता तुम्हाला माहितीये. "अनटेस्टेड" लिहिलेलं असेल आणि शेजारच्या फोटोत त्याचा कंट्रोलर दिसत असेल, तर तुम्हीच समजून घ्या.

चाकांचंही लिहून टाका. जुन्या एन इंजिनांच्या चाकांची कड खोल असते, पिझ्झा कापायच्या चाकासारखी, ती कोड ८० च्या उंच रुळावर मस्त चालते आणि कोड ५५ च्या बुटक्या रुळावर खिळ्यांवर आपटत उड्या मारते. घेणारा म्हणतो खराब माल पाठवला, आपण म्हणतो इथे तर चालत होतं, दोघंही खरं बोलतात. तीच गत मापाची. एन म्हणजे सगळं सारखं नाही, युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये बहुतेक १:१५०. अरनॉल्डने १९६२ च्या सुमाराला एनचा बाजार उभा केला, जपानची काटो १९६५ मध्ये सी-५० हे वाफेचं इंजिन घेऊन आली, आणि त्याआधीच्या ढकलून चालवायच्या छोट्या गाड्यांची मापं तर आणखी वेगळी. लोन स्टारची १९५७ ची ढकलगाडी बघून कोणी एनच्या रुळावर ठेवायला गेलं तर बसणार नाही, ते पण जाहिरातीत लिहा. पार्ट विकताना रॅपिडो कपलर आहे का दुसरं काही, मोटरचे ब्रश किती शिल्लक, स्प्रिंग मूळची का ताणलेली, हे लिहिलं की झालं.

पाठवताना इंजिन मूळ डब्यात सैल ठेवू नका, जडशीळ चेसिस आत हिंदकळतं आणि बॉडीच्या क्लिपा तोडतं. आधी आम्लमुक्त टिश्यू, मग बबल रॅप. बबल रॅप थेट रंगाला लावला आणि पार्सल आठवडे पडून राहिलं तर रंगावर गोल गोल ठसे उठतात. जुन्या डब्यातला फोम तर काढून फेकाच, तो कालांतराने चिकट होऊन विरघळतो आणि बॉडीवर गोंदासारखा बसतो.

त्या डिझेलचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बॉडी चिरेसकट, सगळं सांगून, त्याच गृहस्थांनी परत घेतली, त्यांच्याकडे फुटकी बॉडी असलेलं एक होतं. मोटर माझ्या दुसऱ्या इंजिनात आहे. चेसिस मी टाकलं नाही, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून दर तीन महिन्यांनी मोजत होतो. ८८.७, ८८.९, ८९.१. परवा डबी उघडली तर मधून दोन तुकडे झाले होते, त्यामुळे आता लांबी मोजता येत नाही.